भिंतीवरची बंदूक वाटणीत कुणाची?

सदर : कायदा आणि कुटुंब

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की दोन्हीकडचे वकील आधी याद्या मागतात. फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, दागिने, गाडी, विम्याच्या पॉलिसी. या सगळ्यांची किंमत निघते. सोन्याचा भाव रोजच्या वर्तमानपत्रात असतो, जागेचा दर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळतो. पण काही घरांत यादीच्या शेवटी एक ओळ असते : 'आजोबांची जुनी बंदूक'. तिच्यापुढचा किमतीचा रकाना मात्र कोराच राहतो.

ही वस्तू वर्षातून एकदा, खंडेनवमीला, भिंतीवरून खाली उतरते. तिला तेलाचा हात फिरतो, हळदकुंकू वाहिले जाते आणि ती परत खुंटीवर जाते. एरवी तिच्याकडे कुणाचे लक्षही नसते. संसार मोडायला निघाला की मात्र एकाच्या मते ती लाखमोलाची ठरते आणि दुसऱ्याच्या मते भंगार. दोघेही अंदाजाने बोलत असतात. म्हणून जुन्या बंदुकीची मालकी कशी ठरते, किंमत कशी काढतात आणि वाटणी करताना कायद्याचा फास गळ्यात पडू नये म्हणून काय करावे, हे आज पाहू.

एक उदाहरण समोर ठेवू. समजा, इंदूरमध्ये स्थायिक झालेले एक मराठी जोडपे परस्परसंमतीने वेगळे होत आहे. घरात तीन शस्त्रे आहेत. पहिली, नवऱ्याच्या पणजोबांपासून आलेली ठासणीची बंदूक. दुसरी, लग्नानंतर नवऱ्याच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी. तिसरी, लाकडी पेटीतली जुन्या पिस्तुलांची जोडी. ती बायकोच्या वडिलांनी लग्नात मुलीला आठवण म्हणून दिली.

आधी मालकी, मग किंमत

परदेशी चित्रपट पाहून अनेकांची समजूत झालेली असते की घटस्फोट झाला की सगळ्या मालमत्तेचे दोन सारखे भाग होतात. भारतात बहुतेक ठिकाणी तसे नाही. लग्नामुळे नवऱ्याची मालमत्ता आपोआप निम्मी बायकोची होत नाही, तशी बायकोचीही नवऱ्याची होत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ फक्त लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या समाईक असलेल्या वस्तूंबद्दल कोर्टाला आदेश देऊ देते.

माहेरहून आलेली पिस्तुलांची जोडी मुलीला म्हणूनच दिलेली असेल, तर ते स्त्रीधन आहे. स्त्रीधन म्हणजे केवळ दागिने आणि भांडी, असे मुळीच नाही. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनाची पूर्ण मालक ती स्त्रीच असते. सासरी ते नुसते ठेवायला दिलेले असते आणि मागितल्यावर परत करावे लागते. मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६च्या कायद्यातही लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, मित्रांनी वा पतीने दिलेल्या वस्तूंवर तिचा हक्क सांगितला आहे. म्हणजे पिस्तुलांची वाटणी करायचीच नाही. ती तिचीच.

पणजोबांची ठासणीची बंदूक नवऱ्याच्या घराण्याची. बायकोला तिच्यात थेट हिस्सा नाही. पण म्हणून तिची किंमत लपवून चालत नाही. कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी ठरवताना कोर्ट दोघांची मिळकत आणि मालमत्ता पाहते. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर उघड करावीत, असे सांगितले. मौल्यवान जुनी वस्तू शपथपत्रातून वगळणे महागात पडू शकते.

राहिली दुनळी. परवाना नवऱ्याच्या नावावर आहे, पण पैसे कुणाचे होते? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची परवानगी, मालकीचा पुरावा नव्हे. पैसे दोघांच्या बचतीतून गेले असतील आणि बँकेचे कागद तसे सांगत असतील, तर बायको आपल्या वाट्याची किंमत मागू शकते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तर दोघे मिळून जी वाटणी ठरवतील ती तडजोडीच्या अटींत लिहिता येते.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी आजही चालतात. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे एकत्र धरली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. गोव्यातल्या घरात बागायतीच्या राखणीसाठी ठेवलेली बंदूक असली, तर तिची किंमत काढणे टाळताच येत नाही.

नुसते वय पाहून भागत नाही

'शंभर वर्षांची आहे, म्हणजे मौल्यवान असणारच,' हे वाक्य जाणकारांना रोज ऐकावे लागते. वय हा किमतीचा एक भाग, आणि तोही छोटा. बंदुकीच्या यंत्रणेवरून तिचा काळ साधारण कळतो. जळत्या वातीने बत्ती देणारी ती तोड्याची. गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी ती चकमकीची. तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून उडणारी ती टोपीची, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. या तिन्ही बहुधा नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या. १८५७च्या काडतुसांमुळे प्रसिद्ध झालेली एनफिल्ड रायफलही ठासणीचीच होती. पुढे मागून काडतूस भरायची सोय आली. इंग्रजी फौजेत १८६६ची स्नायडर आणि १८७१ची मार्टिनी-हेन्री या तशा रायफली.

मात्र आपल्याकडे तोड्याच्या बंदुका इतर देशांत त्या बाद झाल्यानंतरही बराच काळ बनत राहिल्या. त्यामुळे यंत्रणा जुन्या पद्धतीची आहे म्हणून बंदूक शिवकाळातली, असे म्हणता येत नाही.

मग किंमत कशावर ठरते?

पहिले, कारागीर किंवा कंपनी. नळीवर आणि कुलपाच्या पट्टीवर नाव असते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स ही जुनी विलायती घराणी. वेस्टली रिचर्ड्स १८१२ची, पर्डी १८१४ची, हॉलंड १८३५ची. कोलकात्यात मँटन आणि रॉडा यांच्या पेढ्या होत्या आणि संस्थानिकांच्या घरी त्यांची शस्त्रे जात. या कंपन्यांच्या बंदुकांवर क्रमांक असतो आणि काहींच्या जुन्या वह्या आजही टिकून आहेत. क्रमांकावरून बंदूक कोणत्या साली, कुणासाठी बनली हे कळू शकते. साध्या दुनळीपेक्षा अशी कागदोपत्री ओळख असलेली दुनळी कितीतरी पट मोलाची.

दुसरे, खुणा. लंडन आणि बर्मिंगहॅमला नळ्यांची चाचणी घेऊन शिक्का मारत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजी बंदुकांवर कंपनीचे हृदयाच्या आकाराचे चिन्ह आणि पुढच्या काळात सिंह दिसतो. जाणकार आधी भिंगातून हे शिक्के पाहतो.

तिसरे, अस्सलपणा. दस्ता मूळचा आहे की नंतर बदललेला? घोडा दुसऱ्याच बंदुकीचा तर नाही? चकमकीची बंदूक पुढे टोपीची करून घेतलेली असते, तेव्हा फरक पडतो. शिवाय पर्यटकांसाठी बनवलेल्या शोभेच्या 'पुरातन' बंदुका बाजारात भरपूर आहेत. पितळेची नक्षी जितकी झगझगीत, तितकी शंका अधिक.

चौथे, अवस्था. इथे घरोघरी एक चूक होते. किंमत काढायला माणूस येणार म्हणून बंदूक पॉलिशपेपरने घासून चकाचक करतात. जुन्या लोखंडावर वर्षानुवर्षांनी जी काळसर झाक येते, तीच संग्राहकाला हवी असते. ती घासली की नक्षी पुसट होते, शिक्के झिजतात आणि किंमत उतरते. नुसता कोरडा मऊ कपडा पुरे.

पाचवे, सोबतचे सामान. मूळ पेटी, दारूचे शिंग, गोळ्या ओतायचा साचा, ठासणीचा गज. पिस्तुले जोडीने असली तर त्यांची किंमत एकेकट्या दोन पिस्तुलांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. म्हणून 'एक तुला, एक मला' अशी वाटणी म्हणजे दोघांचेही नुकसान.

सहावे आणि बहुधा सर्वांत मोठे, पूर्वपीठिका. वस्तू कुणाची होती याचा पुरावा. टिपू सुलतानाच्या शस्त्रांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका कुटुंबाच्या माळ्यावरून निघालेली टिपूच्या शस्त्रागारातली चकमकीची बंदूक लिलावात ६० हजार पौंडांना गेली. त्याच काळातली, तशाच यंत्रणेची, पण निनावी बंदूक या रकमेच्या जवळपासही जात नाही. घराण्याची सनद, जुना परवाना, पणजोबांचा त्या बंदुकीसह काढलेला फोटो, संस्थानच्या दरबाराचे पत्र, असे काही घरात असेल तर ते बंदुकीइतकेच जपा.

लंडनचा भाव इथे चालत नाही

वरचा आकडा वाचून कुणी आपल्या भिंतीकडे आशेने पाहिले असेल, तर थोडे थांबावे. वाटणीत सर्वांत जास्त भांडणे अशा परदेशी आकड्यांवरून होतात. एक पक्ष लिलावाच्या कॅटलॉगमधला भाव रुपयांत बदलून कोर्टापुढे ठेवतो. तो हिशेब चुकीचा आहे.

१९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिचा व्यापार करायला परवाना लागतो. वस्तू पुरावशेष आहे की नाही असा वाद झाला, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे निर्णय मागता येतो. म्हणजे आपल्या बंदुकीचा गिऱ्हाईक भारतातलाच, आणि किंमतही भारतातलीच.

चालू स्थितीतल्या बंदुकीचे गणित आणखी निराळे. तिचा गिऱ्हाईक परवानाधारकच असायला हवा. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसांसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेल्या चांगल्या विलायती रिव्हॉल्व्हरला किंवा रायफलीला इथे मूळ देशापेक्षाही जास्त भाव येऊ शकतो. उलट, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, लाटांसारखी नक्षी असलेल्या जुन्या दुनळीच्या नळ्या दिसायला देखण्या असतात, पण आधुनिक काडतूस झाडायला धोक्याच्या. वापरणारा गिऱ्हाईक त्यांना हात लावत नाही, संग्राहक लावतो.

म्हणून मूल्यांकनाच्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. ही किंमत कोणती : विमा उतरवायची, दुकानदार विकतो ती, की दुकानदार आपल्याकडून घेतो ती? या तिन्हींत मोठा फरक असतो. वाटणीसाठी धरायची ती खुल्या व्यवहारात राजीखुशीने देणाऱ्याघेणाऱ्यांमध्ये ठरेल अशी किंमत. दुसरा प्रश्न, किंमत कोणत्या तारखेची? सोने आजच्या भावाने आणि बंदूक दहा वर्षांपूर्वीच्या, असे नको. तिसरा, काढणारा कोण? चालू बंदुकीसाठी परवानाधारक शस्त्रविक्रेता चालतो. पुरातन शस्त्रासाठी त्या विषयाचा अभ्यासक हवा. संग्रहालयातले तज्ज्ञ ओळख पटवायला मदत करू शकतात, पण किंमत सांगणे हे सहसा त्यांचे काम नसते.

दोघांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमला तर खर्च आणि वाद दोन्ही वाचतात. नाहीच जमले तर दोघांचे दोन तज्ज्ञ आणि दोन आकड्यांमधला मध्य. प्रकरण लढायचेच ठरले तर तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ३९प्रमाणे पुराव्यात येते. तिथे उलटतपासणी होते, म्हणून अहवालात कारणे लिहिलेली असावीत, नुसता आकडा नको.

गोव्यातल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेतली एक युक्ती इतरांनीही उचलण्यासारखी आहे. तिथे हक्कदार आपसात बोली लावतात. घरगुती तडजोडीत दोघांनी बंद पाकिटात आकडा लिहावा. ज्याचा आकडा मोठा त्याने वस्तू ठेवावी आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्याचे पैसे द्यावेत. बंदुकीला भंगार म्हणणारा अशा वेळी एकदम गंभीर होतो.

'माझा वाटा' म्हणून उचलून नेऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. रागाच्या भरात घर सोडताना बायको माहेरची पिस्तुले पिशवीत घालते किंवा नवरा बंदूक मित्राकडे लपवून ठेवतो. दोघांनाही वाटते की आपलीच तर वस्तू आहे. पण मालकी ही एक गोष्ट आणि बाळगण्याचा अधिकार ही दुसरी. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुन्या शस्त्रांना सवलत आहे, पण ती समजून घ्यायला हवी. कायद्याच्या कलम ४५मध्ये जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा शस्त्राला सूट आहे. २०२०च्या फेब्रुवारीत नियमांत बदल झाला आणि 'क्युरिओ' वर्गातली लहान शस्त्रे बाळगायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज उरली नाही. मात्र ती वापरायला, बरोबर घेऊन फिरायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला परवाना लागतोच. आणि आपली बंदूक या वर्गात बसते की नाही हे आपण परस्पर ठरवू नये. जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. तो कागद किंमत काढतानाही उपयोगी पडतो.

चालू बंदुकीबाबत आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. २०१९पर्यंत ही मर्यादा तीनची होती. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजतात. दुसरा आकडा ४५ दिवसांचा. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या हक्कदार माणसाला विकायची वा द्यायची असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला तसे लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याचा परवाना व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तडजोडीत 'आठ दिवसांत बंदूक द्यावी' असे लिहिले, तर ती अट पाळणेच अशक्य. त्याऐवजी 'परवानगी मिळेपर्यंत बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून राहील आणि ठेवीचा खर्च दोघे निम्मा निम्मा देतील' असे लिहावे.

किमतीआधी जीव

जिथे भांडण हातघाईवर येते त्या घरात बंदूक असणे हाच धोका आहे. अशा वेळी किंमत, वाटणी सगळे बाजूला ठेवून आधी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. निवडणुकीच्या काळात परवानाधारक असेच करतात, त्यात कमीपणा काही नाही. जमा करण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि क्रमांक लिहून ठेवावा. नवरा धमकावत असेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडून संरक्षण मागता येते. मालमत्ता विकून टाकायला मनाईही मागता येते आणि स्त्रीधन परत मिळवता येते.

एक सूचना जुन्या ठासणीच्या बंदुकीबद्दल. तिच्यात पणजोबांनी भरलेली दारू आणि गोळी अजून तशीच असू शकते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून मुलांना खेळायला देऊ नका, घोडा ओढून पाहू नका, नळीत डोकावू नका. जाणकाराने गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केल्यावरच पुढचे.

आपल्या उदाहरणाचा हिशेब

केवळ समजण्यासाठी आकडे धरू. तज्ज्ञाने ठासणीची बंदूक ४० हजार, दुनळी ६० हजार आणि पिस्तुलांची जोडी १ लाख २० हजार रुपयांची ठरवली. एकूण २ लाख २० हजार. 'निम्मे निम्मे' म्हणणारा प्रत्येकी १ लाख १० हजार सांगेल. पण तसे नाही. पिस्तुले बायकोची, ती वाटणीबाहेर. ठासणीची बंदूक नवऱ्याच्या घराण्याची, तीही बाहेर, मात्र त्याच्या मालमत्तेच्या शपथपत्रात तिची नोंद हवी. वाटायची उरली फक्त दुनळी. ती दोघांच्या पैशांची हे मान्य असेल तर परवाना असलेला नवरा ती ठेवील आणि बायकोला ३० हजार देईल. पिस्तुलांचा वर्ग आणि नेण्याची परवानगी ठरेपर्यंत ती विक्रेत्याकडे ठेव म्हणून राहतील.

हिशेब इतका सोपा असूनही वर्षानुवर्षे रखडतो, कारण बंदुकीबरोबर अभिमान वाटून घ्यायचा असतो. 'आमच्या घराण्याची' आणि 'माझ्या बाबांनी दिलेली' या दोन वाक्यांना किंमत लावता येत नाही, आणि लावूही नये. ज्याची आठवण त्याच्याकडे वस्तू जाऊ द्यावी आणि भरपाई पैशांत करावी. मुले असतील तर घराण्याची बंदूक पुढे त्यांच्याकडे जाईल, असेही अटींत लिहिता येते. सध्याच्या शस्त्र नियमांत वय ७० झाल्यावर किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगल्यावर ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. मुलीचाही त्यावर तितकाच हक्क आहे, हे विसरू नये.

तेव्हा वकिलाकडे जाण्यापूर्वी एवढे करा : परवाना, खरेदीची पावती आणि जुने फोटो एका पाकिटात घाला, बंदुकीवरचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या, आणि ती घासायला मात्र घेऊ नका.